सायकलीवर राग धरलेले कावळे

मला कोडी आवडत नाहीत. एखादी गोष्ट बिघडली की तिला कारण असतं, कारणाला उपाय असतो आणि उपायाला वार नेमून देता येतो, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. आमच्या फ्रिजच्या दारावर कायम याद्या लावलेल्या असतात: किराण्याची, कामांची आणि लागणाऱ्या फोन नंबरांची. त्यामुळे त्या उन्हाळ्यात कावळे माझ्या डोक्यावर झडप घालू लागले, तेव्हा मला भीतीपेक्षा गोंधळच जास्त वाटला. कारण काही केल्या सापडेना.

सायकल मी पन्नाशी ओलांडल्यावर घेतली. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. नागपुरात सदर भागात आमचं मालवाहतुकीच्या बुकिंगचं छोटंसं ऑफिस आहे, तिथले हिशेब आणि कागदपत्रं मी बघते. उन्हाळ्यात आम्ही सकाळी लवकर उघडतो. पोचल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं, खापरखेड्याला बाबांना मिस्ड कॉल द्यायचा. एकच रिंग.

बाबा तिथल्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. कॉलनीतलं क्वार्टर सोडलं, पण गाव सोडलं नाही. जवळच घर बांधलं आणि आई गेल्यावर तिथंच एकटे राहतात. त्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की गोळ्या चुकवू देऊ नका, उन्हात फिरू देऊ नका आणि एकदम धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. पहिल्या दोन गोष्टी मी लिहून घेतल्या. तिसरी लिहिण्यासारखी वाटली नाही. आमच्याकडे धक्का देणार कोण?

रिंग वाजली की बाबा समजायचे, पोरगी पोचली. मगच ते स्वतःचा दुसरा चहा मांडायचे.

ऑफिसच्या आवारात एक मोठा कडुलिंब आहे आणि त्याच्या खाली पत्र्याच्या शेडमध्ये सायकली लावतात. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला होता. सकाळीच डांबर धग सोडायला लागायचं. नागपुरात त्या दिवसांत बाई काय, पुरुष काय, सगळे सारखेच दिसतात. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला आणि डोळ्यांवर काळा चष्मा. सख्खा भाऊ रस्त्यात भेटला तरी ओळखू येत नाही. अशी नखशिखांत झाकलेली मी फाटकातून आत वळले आणि मागून डोक्यावर कोणीतरी टपली मारली. वळून पाहिलं तर मागे कोणी नव्हतं. फांदीवर एक कावळा बसला होता आणि माझ्याकडे बघून ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी दोन होते. मी पेडल मारत होते तोवर पाठीमागून येत राहिले, सायकल लावून चालत दाराशी गेले की गप्प.

ऑफिसात जो तो सल्ले देऊ लागला. हेल्मेट घाला. डोक्यामागे कागदाचे डोळे चिकटवा. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "दुपट्टा बदलून बघा ना ताई. गुलाबी रंग आवडत नसेल त्यांना."

मी क्रमाने सगळं करून पाहिलं. दुपट्टा पांढरा घेतला, मग हिरवा. फाटकाबाहेर उतरून सायकल हातात धरून आत आणली, तरी झडप घातली. बाजूच्या दुकानातून काही आणायला त्याच फाटकातून पायी गेले, त्याच दुपट्ट्यात, तर एकही हलला नाही. झाडाखालून मी चाललेय आणि वरून दोघे माझ्याकडे बघतायत, जसं काही आमची ओळखच नाही.

चौकीदार हे सगळं खुर्चीवरून बघत होता. एक दिवस तो माझी सायकल घेऊन चहा आणायला निघाला, तर फाटकापर्यंत पोचेपर्यंत त्याला दोनदा टोचलं. परत आला तो सायकल ढकलत, किटली डोक्यावर धरून.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्यावर काही नाही त्याईचं. तुमच्या सायकलवर केस हाय."

"सायकलने काय केलं?"

"आता ते थ्या कावळ्याले विचारा लागते. आपण कोन?"

तेव्हासुद्धा मला आठवायला हवं होतं, पण आठवलं नाही. हे सगळं सुरू व्हायच्या काही दिवस आधी कावळ्याचं एक पिल्लू फाटकाजवळ पडलं होतं. नुकते पंख फुटलेलं, चोच उघडी. एक टेम्पो मागे येत होता. मी पिल्लाला जुन्या पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर घेतलं, सायकलच्या पुढच्या टोपलीत ठेवलं आणि शेडमागच्या भिंतीवर नेऊन सोडलं. वर त्याचे आईबाप ओरडत होते. मला वाटलं, पिल्लासाठी ओरडतायत. तसे ते पिल्लासाठीच ओरडत होते म्हणा. भलं काम झालं, विषय संपला असं समजून मी हात धुतले आणि कामाला लागले.

मग एका सकाळी कावळ्याची चोच हेल्मेटच्या फटीतून लागली. कपाळाच्या वर, केसांत. रक्त फार नव्हतं, पण घरी आल्यावर सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

सासूबाई उमरेडकडच्या. गावात शेती आहे, ती दीर बघतात आणि उन्हाळ्यात त्या आमच्याकडे येतात. आमचं भांडण कधी झालं नाही आणि गप्पाही कधी फारशा झाल्या नाहीत. मी त्यांच्या गोळ्यांचे डबे वारानुसार भरून ठेवते, त्या माझ्या याद्यांना हसतात, एवढंच. त्यांनी हळद आणली आणि केस बाजूला सारून लावू लागल्या.

"कावळाच होता ना वं?"

"कावळाच. रोजच येतो."

"डोक्यालेच लागला?"

"हो आई. थोडंसंच आहे."

हळद लावणारं बोट तिथेच थांबून राहिलं. रात्री त्या कमी जेवल्या, तर मी ते उन्हावर घातलं आणि त्यांना कांद्याचं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी नेहमीची झटापट झाली. हेल्मेट तिरकं झालं, चष्मा पडला, तो शोधण्यात वेळ गेला आणि आत गेले तर एक ट्रकवाला पावतीसाठी खोळंबलेला. त्या गडबडीत बाबांना रिंग द्यायची राहिली.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. वर्ध्याच्या मावशीचा नंबर. मी घेतला तर पलीकडे नुसतं रडणं.

"मावशी? काय झालं?"

रडणं थांबलं.

"कोन बोलून राहिलं?"

"मी. मीच बोलतेय."

"तू?"

"हो. माझ्याच नंबरवर केला ना तू?"

"मी त जावयाले लावला होता. नाही, तुह्याच नंबरवर लावला असन. कोनी तरी उचलन म्हनून." मग ती पुन्हा रडायला लागली, आधीपेक्षा मोठ्याने. "अवं, तू मेली नाहीस?"

"नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग काहून सांगतलं तुह्या सासूनं? आता आंघोळ करून निघतच होती मी."

मला काही कळेना. मी घरी फोन लावला. सासूबाईंनी तो पहिल्या रिंगलाच उचलला, जशा काही फोनजवळच बसल्या होत्या.

"आई, मावशीला तुम्ही फोन केला होता?"

"केला. रडली का ते?"

"रडतेय अजून. तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सोडलेला सुस्कारा मला इकडे ऐकू आला. मग त्यांनी समजावून सांगितलं, जसं एखाद्या लहान मुलीला सांगतात. कावळा डोक्याला शिवला की ते मरणाचं बोलावणं असतं. त्यावर उपाय एकच, ज्यांचा जीव त्या माणसावर आहे त्यांना तो गेल्याचं कळवायचं. ते खरंखुरं रडले, की मरण समजतं आपलं काम झालं आणि परत जातं. मग पुन्हा फोन करून खरं सांगायचं. त्यांच्या थोरल्या बहिणीला कावळा शिवला होता, तेव्हा घरच्यांनी हसण्यावारी नेलं. बहीण त्या पावसाळ्यात गेली.

"मीच रडली असती," त्या म्हणाल्या. "पन मले माहीत ना खोटं हाय ते. पानीच येईना डोयाले."

मी विचारलं, "मावशीचा नंबर कुठून मिळाला?"

"तुह्या यादीत नाही का फ्रिजवर? वरून लावत गेली."

यादीत मावशीचा नंबर दुसरा आहे. पहिला कोणाचा आहे ते मला बघायची गरज नव्हती.

"आई, बाबांना केला होता?"

"इवायालेच पहिले केला. बापाइतकं कोन रडन? पन त्याईनं आयकलं अन् फोन ठेवून देला. रडले का नाही समजलंच नाही. परत लावला त उचलत नाही. म्हनून मंग मावशीले लावला."

मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेजारच्या काकूंना लावला. त्या म्हणाल्या, "तुमचा फोन वाजून राहिला ना, मले भिंतीतून आयकू येते. पन दाराले कुलूप हाय." बाबा कुठे गेले ते त्यांनी पाहिलं नव्हतं. मी त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगायचं, हेच ठरेना. तुमच्या शेजाऱ्यांना कोणी मी मेल्याचं सांगितलं असेल तर ते खरं नाही, असं?

मी नवऱ्याला फोन केला. त्याचं लकडगंजला हार्डवेअरचं दुकान आहे, शटर नुकतंच वर गेलं होतं. त्याने ऐकलं आणि एकच म्हणाला, "मी घरी जातो. बाबा तिकडे आले तर दारात मी असायला पाहिजे, आई नको." मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीची स्कूटर घेऊन मी खापरखेड्याला निघाले. सायकल शेडमध्येच राहिली.

त्या रस्त्यावरचं मला नीट काही आठवत नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडक्यांमध्ये बघत होते, एवढं आठवतं. प्रत्येक खिडकीत दुपट्टा गुंडाळलेलं डोकं. यातले बाबा कोणते? मी त्यांना ओळखणार नाही आणि तेही मला ओळखणार नाहीत. डोक्यात सारखी जुळवाजुळव चालू होती: आज रिंग गेली नाही, मग हा फोन गेला. रिंग गेली असती तर त्यांनी खोटं ओळखलं असतं. आणि रिंग गेली नाही ती कावळ्यांमुळे. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं उलट्या बाजूने खरंच होत होतं की काय, कावळा शिवला आणि कोणीतरी जाणार, फक्त मी नाही? असलं काही मी मानत नाही. तरी मी ते मनात मोडून काढत होते आणि ते पुन्हा तयार होत होतं.

घराला कुलूप होतंच. आत फोन वाजत नव्हता, कारण लावणारी मी दाराशी उभी होते. मी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले. टपरीवाला बाबांना ओळखतो.

"काकाजी? ते त मघाशीच नागपूरच्या बसनं गेले," तो म्हणाला. "चाय देऊन राहिलो होतो, घेतला नाही. म्या म्हटलं, टोपी तरी घाला. त आयकलंच नाही."

उन्हात. टोपीशिवाय. सकाळची गोळी घेतली की नाही, ते विचारायला कोणी नव्हतं.

मी नवऱ्याला फोन करून विचारलं. बाबा घरी पोचले नव्हते. बसच्या हिशेबाने आतापर्यंत पोचायला हवे होते. मी स्कूटर वळवली. कोराडीच्या अलीकडे फोन वाजला तेव्हा बाजूला घेताना मी जवळजवळ पडलेच. चौकीदाराचा होता.

"मॅडम, येक बुजुर्ग येऊन बसले इथं. तुमच्या सायकलपाशी. खाली जमिनीवर. कावळे मारून राहिले त्याईले, तरी उठत नाही."

"बोलतात का? बरे आहेत का?"

"बरे हायेत. पानी देलं त पेले. पन कोन हायेत म्हटलं त काहीच सांगत नाही, अन् काही विचारत बी नाही."

"त्यांना सांगा मी येतेय. माझं नाव घेऊन सांगा. आत्ता, फोन चालू असतानाच."

चौकीदाराची चप्पल वाजत गेली. कावळ्यांचा कालवा जवळ आला. मग त्याचा आवाज, "बाबूजी, मॅडम येऊन राहिल्या." मग काहीच नाही. मी फोन कानाला लावून रस्त्याच्या कडेला उभी. ट्रक जात होते.

"आयकलं त्याईनं," चौकीदार म्हणाला. "मान हलवली."

मी पोचले तेव्हा बाबा शेडमध्ये मागच्या चाकाला टेकून बसले होते. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. टकलावर, कानाच्या वर, एक लाल ओरखडा होता. एक हात सायकलच्या सीटवर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मी दुपट्टा सोडला, चष्मा काढला. मग पुन्हा पाहिलं.

"बाबा, घरी का नाही गेलात?"

त्यांनी सीटवरचा हात काढला नाही. मग म्हणाले, "घराकडं गेलो असतो अन् दारात लोक दिसले असते त?"

मी त्यांच्या शेजारी बसले.

"इथं आलो. सायकल दिसली. म्हटलं, सायकल हाय म्हंजे आली असन. मंग वाटलं, कालची बी राहू शकते."

"चौकीदाराला विचारायचं ना."

"विचारलं असतं त त्यानं सांगतलं असतं," बाबा म्हणाले.

म्हणून ते न विचारता बसून राहिले होते. कळण्याच्या अलीकडे, सावलीत, सायकलला धरून. सगळा जन्म कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस. एक काटा हलला की दुसरा तपासल्याशिवाय ते बटणाला हात लावत नसत, असं आई सांगायची. त्या दिवशी त्यांना दुसरा काटा बघायचाच नव्हता.

एवढ्यात कावळा पुन्हा आला. बाबांनी हात उचलला, तो स्वतःला वाचवायला नाही, माझ्या डोक्यावर धरायला. मला ते बघवेना. कावळ्याला हाकलायला मी हातातला दुपट्टा भिरकावला, तो सायकलच्या पुढच्या टोपलीवर जाऊन पडला. आणि कालवा थांबला. दोघे फांदीवर जाऊन बसले, मान वाकडी करून बघत राहिले. टोपली झाकली गेली तशी त्यांच्यासाठी ती सायकलच नाहीशी झाली. तेव्हा मला ते पिल्लू, तो पुठ्ठा, ते भलं काम, सगळं आठवलं. कारण सापडलं होतं. इतके दिवस शोधत होते ते. त्याचा काही आनंद झाला नाही.

फोन वाजला. सासूबाई.

"भेटले का इवाई?"

"भेटले. बरे आहेत."

"रडले का?"

मी बाबांकडे पाहिलं. ते चुकलेली बटणं एकेक करून काढत होते आणि पुन्हा लावत होते. डोळे कोरडे होते, निदान मला दिसत होते तेवढे. खरं सांगावं तर त्या बाईचा जीव पुन्हा टांगणीला लागणार होता, आणि तो माझ्यासाठीच लागला होता, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. एवढ्या वर्षांत मला ते कशातूनच कळलं नव्हतं. रागवायचं ठरवून मी फोन घेतला होता, पण तो राग कुठे ठेवायचा तेच समजेना.

"सांग तिले, रडले म्हनून," बाबा म्हणाले.

"रडले आई."

"मंग आता काही भेव नाही," त्या म्हणाल्या. "त्याईले घेऊन ये. आमरस करून राहिली."

डॉक्टरांकडे आधी गेलो. बाबांचं सगळं ठीक निघालं. घरी सासूबाईंनी त्यांना स्वतः वाढलं. दोघे एकमेकांशी पावसापाण्याचं बोलले, त्या फोनचं कोणी बोललं नाही. जेवताना सासूबाईंची नजर बाबांच्या टकलावरच्या ओरखड्यावर गेली आणि तिथेच थांबली. मी भांडं उचलायच्या निमित्ताने उठले आणि फ्रिजवरची नंबरांची यादी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली.

टोपली मी सायकलवरून काढून टाकली. पिशवी आता मागे बांधते. कावळे मला ओळखत नाहीत. पाऊस लागला, पिल्लं उडून गेली.

बाबांना रिंग मात्र आता देता येत नाही. मी नंबर लावते आणि ती एक रिंग पुरी व्हायच्या आत ते उचलतात. "पैसे कटतात, बाबा," असं मी पहिल्या दिवशी म्हणाले, खरं तर आता तसे कटत नाहीत. पलीकडे कुकरची शिट्टी किंवा कूलरचा पंखा ऐकू येतो. मी म्हणते, "पोचले." ते म्हणतात, "हो." तरी फोन लगेच ठेवत नाहीत. आधी कोणी ठेवायचा, हे आमचं अजून ठरलेलं नाही.